'भाकीत' की 'इशारा'? योना, निनवे आणि न घडलेलं भविष्य

प्रश्न:
बायबलमधला योना अश्शूरच्या निनवे नगरात जाऊन ओरडतो की चाळीस दिवसांत हे नगर उलथून पडेल. पडत नाही. मग याला मराठीत भाकीत म्हणायचं का? चुकलेलं भाकीत म्हणजे थापच. 'अभिवचन' म्हणावं तर ते मोडलं असं होतं. 'भविष्यवाणी' म्हटलं की मला कुडमुड्या जोशी आठवतो. नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद:
'भविष्यवाणी'ने घोटाळा होतो हे खरं. मराठी बायबलात बोलणाऱ्या माणसाला 'संदेष्टा' म्हणतात. घडण द्रष्टा, उपदेष्टा यांच्यासारखी, अर्थ निरोप आणणारा. त्याचं बोलणं पुष्कळदा इशारा असतं. मास्तर "आता वर्गाबाहेर काढीन" म्हणाल्यावर पोरं गप्प बसली, तर मास्तर खोटं बोलले असं कुणी म्हणत नाही. म्हणून योनाच्या बोलण्याला 'इशारा' म्हणा.

खरी गंमत हिब्रूत आहे. योनाच्या पुस्तकात ३:४ (अध्याय ३, ओवी ४) मधलं क्रियापद 'हाफख', म्हणजे उलटणं. सदोम या पापी नगराचा नाश सांगताना बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात, १९व्या अध्यायात, तेच येतं. आणि इस्राएलचा पहिला राजा शौल 'निराळाच माणूस होईल' असं १ शमुवेल १०:६ सांगतं, तिथेही तेच. आपल्याकडे 'पालथं' आणि 'पालटणं' शेजारी ठेवून बघा. निनवे पालथं पडलं नाही, पालटलं. राजा राखेत बसला, गुराढोरांनाही गोणपाट पांघरलं. योनाला मात्र पालथंच हवं होतं. शहर वाचलं म्हणून तो रुसला आणि शहराबाहेर मांडव घालून वाट बघत बसला!

आणि मराठीची करामत बघा: भाक म्हणजे वचन, भाकीत म्हणजे होणाऱ्याचं कथन, आणि करुणा भाकणं म्हणजे विनवणी. निनवेकरांनी करुणा भाकली, भाकीत टळलं.

मूळ प्रश्नकर्ता:
श्लेष आवडला. पण सोरचं (टायर या समुद्रातल्या नगराचं) काय? संदेष्टा यहेज्केल २६व्या अध्यायात म्हणतो, बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्रेस्सर सोर लुटेल, भिंती पाडेल. वेढा तेरा वर्षं चालला. मग २९:१८ मध्ये तोच संदेष्टा म्हणतो, सैनिकांची डोकी टकली झाली, खांदे सोलवटले, पण सोरकडून मजुरी मिळाली नाही. म्हणून देव आता त्याला मिसर (इजिप्त) देतो. इथे कुणी करुणा भाकली? शिकंदराने इ.स.पू. ३३२ मध्ये समुद्रात बांध घालून सोर घेतलं हे मान्य, पण यहेज्केलने नाव घेतलं होतं ते बाबेलच्या राजाचं.

प्रतिसाद:
सोरला 'इशारा' लागू पडत नाही, कबूल. ओढूनताणून बसवूही नये. मला तर विशेष वाटतं ते हे, की २९व्या अध्यायाने २६वा खोडला नाही. दोन्ही ठेवले.

बाकी बऱ्याच ठिकाणी अट आहे, कधी बोललेली, कधी गृहीत. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, १८व्या अध्यायात, कुंभाराच्या चाकाशेजारी ती स्पष्ट सांगितली आहे: देव म्हणतो, राष्ट्र वळलं तर मीही योजलेलं अनिष्ट टाळीन. पुढे २६व्या अध्यायात यिर्मयाला ठार करा म्हणून गलका होतो, तेव्हा वडीलधारे मीखा या जुन्या संदेष्ट्याची आठवण काढतात. शंभरेक वर्षांपूर्वी तो म्हणाला होता की सियोन (यरुशलेम) शेतासारखं नांगरलं जाईल. यहूदाचा राजा हिज्कीया देवाला भ्याला, नांगर फिरला नाही. मीखा खोटा होता असं त्या सभेत कुणी म्हणत नाही. आता अनुवाद १८:२२ ची कसोटी (पुस्तकाचं नाव अनुवाद, भाषांतर नव्हे) म्हणते, घडलं नाही तर ते बोलणं देवाचं नव्हे. हा ताण आहेच.

'अनुताप' शब्दही तपासा. १ शमुवेल १५ मध्ये ११व्या आणि ३५व्या ओवीत शौलला राजा केल्याचा देवाला अनुताप होतो. मधल्या २९व्या ओवीत तो अनुताप पावणारा नाही. हिब्रू क्रियापद तिन्ही ठिकाणी एकच, 'नाखम'.

मूळ प्रश्नकर्ता:
मग मी 'योनाने निनवेला इशारा दिला' असं लिहितो. सोरला?

प्रतिसाद:
'भाकीत'च लिहा, आणि पुढच्या वाक्यात मजुरी मिळाली नाही हेही लिहा.