मार्व्हल रायव्हल्स: ऐन लढतीत फ्रेम पडतात, मदत हवी आहे

मुंबईतल्या पीसीवाल्यांनो, जरा सांगा. मार्व्हलच्या सुपरहिरोंचा हा शूटर गेम खेळतोय; प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ३०६०, रिझोल्यूशन १०८०पी. सराव मैदानात सेकंदाला १०० च्या वर फ्रेम (पडद्यावरची चित्रं) मिळतात. पण सहा विरुद्ध सहाची लढत पेटली, ग्रूटच्या भिंती आणि आयर्न मॅनचा वरून मारा एकदम आला की आकडा थेट ५५ वर.

ग्लोबल इल्युमिनेशन, रिफ्लेक्शन (प्रकाश-प्रतिबिंबांच्या सेटिंग्ज) सगळं कमी केलंय, गेम एसएसडीवर आहे, शेडर कंपाइल (ग्राफिक्सची आधीची तयारी) पूर्ण झाल्यावरच मॅच लावतो. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून कार्डाचा भार कमी करणारी सोय) क्वालिटीवरून परफॉर्मन्सवर नेलं तरी फरक शून्य, आणि त्या वेळी ग्राफिक कार्डाचा वापर जेमतेम ६० टक्के. म्हणजे अडतोय प्रोसेसरच. दमट हवेतही तापमान ७५ अंशांच्या आत, त्यामुळे थ्रॉटलिंगचा (तापल्यामुळे वेग घटण्याचा) प्रश्न नाही.

संशय रॅमवर आहे: १६ जीबीची एकच पट्टी, वेग ३२००, एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू. आठ-आठच्या दोन लावून ड्युअल चॅनल (दोन पट्ट्या एकदम वापरणं) केलं, तर सरासरीपेक्षा तळाचे फ्रेम (सगळ्यात कमी पडणारे आकडे) किती सुधारतात? की आणखी एक १६ ची घेऊन थेट ३२ करावं? खेळ एक नंबर आहे, दोन हिरोंची जोडी जमली की सोडवत नाही. कुणी हा बदल केला असेल तर आधीचे-नंतरचे आकडे टाका, म्हणजे शनिवारी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन नेमकं तेच आणता येईल.