ऑफिसातली माणसं आपली कधी झाली? (अनुभव धागा)

वाफाळता_चहा:
जुन्या कंपनीच्या ग्रुपवर खंडेनवमीचे फोटो आले आणि भोसरीचा मशीन शॉप डोळ्यांसमोर उभा राहिला. आदल्या दुपारी मशिनी बंद. लेथखालचा लोखंडाचा कीस ओढायचा, बेड डिझेलने पुसायचा. इंजिनिअर, हेल्पर, सगळ्यांच्या हातात कॉटन वेस्ट! पाटावर व्हर्नियर, मायक्रोमीटर मांडून हळदकुंकू. पूजेला घरची मंडळी यायची. एका ऑपरेटरची लेक त्याच्या मशिनीला हात लावून म्हणाली, "एवढं मोठं बाबा एकटे चालवतात?" त्याचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून तो आम्हा सगळ्यांचा दादा झाला. तुमच्याकडे माणसं कशाने जवळ आली? लिहा.

सुगरण_७:
मार्च एंडिंग!! बँकेत रात्री टॅली लागेना, सगळे थांबलेले. मॅनेजरसाहेबांच्या घरून पातेलंभर मसालेभात आला. पेपरवर घेऊन खाल्ला. त्या शाखेतल्या बायका आजही संक्रांतीला भेटतो.

कोकणकडा:
मसालेभातात तोंडली होती की वांगी?

सुगरण_७:
तोंडली! 😀

लालडबा:
वडील एसटीत कंडक्टर. मुक्कामी गाडी असली की ड्रायव्हरकाका आणि ते एकाच डब्यात जेवायचे, गाडीतच झोपायचे. काकांची बायपास झाली तेव्हा डेपोतल्या सगळ्यांनी ड्युट्या वाटून घेऊन दवाखान्यात रात्री काढल्या. सांगावं लागलं नाही कुणाला.

राणीचा_पासवाला:
ऑफिसपेक्षा गाडीतले सहकारी जवळचे. डेक्कन क्वीन 1 जून 1930 ला सुरू झाली, दर 1 जूनला आम्ही पासवाले पुणे स्टेशनवर केक कापतो. अनेकांची लग्नं जुळवलीत या डब्याने.

लालडबा:
अहो एसटीचाही वाढदिवस 1 जूनच! 1948, पहिली गाडी पुणे-नगर.

राणीचा_पासवाला:
काय सांगता! पुढच्या वर्षी दोन केक.

परळकर:
आजीची गिरणगावात खानावळ. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गिरणीकामगार तिच्याकडे जेवायचे. एकाच खात्यातले, बहुतेक एकाच गावचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, पगार थांबले, तरी तिने ताटं थांबवली नाहीत. वही भरत गेली. काहींनी कितीतरी वर्षांनी गावाहून तांदूळ पाठवून हिशेब फेडला. अशा खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं, आजी त्यात होती. मंडळाचं नाव निघालं की तिची मान ताठ व्हायची.

सुगरण_७:
परळकर, डोळे भरून आले. आजींना नमस्कार.

घरून_काम:
मला हे वाचून हेवा वाटतोय. आमची टीम तीन शहरांत. एचआर दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर खेळ घेतं, कुणाचंच मन लागत नाही. पण मागच्या महिन्यात आई आयसीयूत होती, तेव्हा इंदूरच्या सहकाऱ्याने न विचारता माझं सॉफ्टवेअर रिलीजचं काम स्वतःवर घेतलं. मी त्याला प्रत्यक्ष एकदाही भेटलेलो नाही.

वाफाळता_चहा:
आई कशा आहेत आता?

घरून_काम:
घरी आल्या. थोडं चालतात. दिवाळीत इंदूरला जाऊन त्याला भेटायचं ठरवलंय.

कोकणकडा:
जाणारच आहात तर तिथल्या सराफा बाजारातला भुट्ट्याचा (मक्याचा) कीस नक्की खा. आणि खंडेनवमीचे फोटो इथे टाका की कुणीतरी!