मार्केटिंग ऑटोमेशनचं टूल घेताना नेमकं काय ताडून बघायचं?

रबाळे_सील्स:
नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचं गॅस्केट आणि सील्सचं युनिट आहे, मी मार्केटिंग बघते. वेबसाइट, इंडियामार्ट आणि प्रदर्शनांतली व्हिजिटिंग कार्डं मिळून एक्सेलमध्ये नऊएक हजार नावं आहेत. कोटेशन जातं, पण पुढचा फॉलोअप सेल्सच्या मुलांच्या आठवणीवर. मालकांनी असे मेल ठरलेल्या वेळी आपोआप पाठवणाऱ्या हबस्पॉट, झोहो आणि ब्रेव्हो या टूल्समधून एक निवडायला सांगितलंय. तुलनेचा तक्ता केला, तर प्रत्येक रकान्यात तिघांपुढेही 'आहे' असंच येतंय. निवडायचं कशावर?

घोडबंदर_रोड:
ताई, तो तक्ता बाजूला ठेवा. कंपन्यांच्याच साइटवरून भरला की तो असाच दिसणार. तुमचं काम एकच आहे: कोटेशन गेलं, तीन दिवसांत उत्तर नाही, तर दुसरा मेल; उत्तर आलं तर मेल बंद आणि सेल्सला निरोप. एवढी साखळी तिन्ही ट्रायलमध्ये स्वतः बांधा, डेमोवाल्याला हात लावू देऊ नका. मग जीमेलवरून त्या मेलला स्वतःच उत्तर पाठवा आणि थांबा. मेल उघडला, लिंक दाबली हे बहुतेक टूल्सना कळतं. पण उत्तर येतं तुमच्या नेहमीच्या मेलबॉक्समध्ये. तो टूलला जोडलेला नसेल तर साखळी चालूच राहते. 'पीओ (खरेदीची ऑर्डर) पाठवतोय' म्हणणाऱ्या पर्चेस मॅनेजरला दुसऱ्या दिवशी 'आमचं कोटेशन पाहिलंत का?' असा मेल गेला, तर सगळी मेहनत पाण्यात. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

उरलेला निम्मा बिलावर. हबस्पॉट मार्केटिंग कॉन्टॅक्ट, म्हणजे ज्यांना मार्केटिंगचे मेल पाठवायचे ती नावं, मोजतं, ब्रेव्हो मुख्यतः पाठवलेले मेल. नऊ हजार जणांना महिन्याला एक मेल किंवा तीनशे जणांना रोज एक: मेल दोन्हीकडे नऊ हजारच, बिलं मात्र पार वेगळी. तुमचं पाठवणं आधी ठरवा आणि दोन वर्षांनी यादी दुप्पट झाली तर किती पडेल, हे आजच लेखी मागा. हबस्पॉटच्या वरच्या प्लॅन्सना ऑनबोर्डिंग फी, म्हणजे सुरुवातीच्या सेटअपची फी, वेगळी असते.

नौपाडा_अकाउंट्स:
बिल परदेशी कंपनीकडून येणार असेल तर 18 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायचा) तुम्हाला रोख भरावा लागेल. त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुमच्या जीएसटीतून वजा होतो, पण नंतर.

वाशी_से17:
प्रदर्शनातली जुनी कार्डं सरसकट मेलच्या यादीत घालू नका, कळकळीने सांगतोय. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलला रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग्ज) आणि एका क्लिकवर अनसबस्क्राइब सक्तीचं आहे, आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. डोमेन एकदा बदनाम झालं की साधं कोटेशनसुद्धा स्पॅममध्ये जातं, मग टूल कुठलंही घ्या.

रबाळे_सील्स:
मनापासून आभार. गेल्या वर्षभरात इन्क्वायरी आलेल्यांचीच नावं वेगळी काढतेय. उद्या टूल बदलायचं झालं तर काय काय परत मिळतं?

घोडबंदर_रोड:
नावं आणि नंबर सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये, मिळतील. बांधलेल्या साखळ्या सहसा दुसऱ्या टूलमध्ये जात नाहीत, नव्याने बांधाव्या लागतात. कोणाला कुठला मेल गेला, त्याने काय केलं, हा इतिहास एक्सपोर्ट होतो का, ते ट्रायलमध्येच काढून बघा. साखळीचा आराखडा मात्र स्वतःच्या फाइलमध्ये असू द्या.