आनंदी गाणी खोटी नसतात

‘मन खचलेलं असताना आनंदी गाणी खोटी वाटतात’ असं एकानं म्हटलंय, ते मत काही पटलं नाही बुवा. अमेरिकन गायक स्टीव्ही वंडरचा 1976चा ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ हा अल्बम ऐका. सुरुवातच मुळी जगात प्रेम आटत चालल्याच्या काळजीनं होते, मग गरीब वस्तीतले हाल येतात. त्यामुळे पुढचा आनंद फुकटचा वाटत नाही. ‘सर ड्यूक’ हे गाणं म्हणजे 1974 साली वारलेल्या जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनला वाहिलेली आदरांजली, पण रडारड अजिबात नाही. ट्रम्पेट-सॅक्सोफोन एका दमात धावत सुटतात.

2021च्या एप्रिलात, कोरोनाच्या लाटेत, नागपुरात दिवसरात्र अँब्युलन्सचे सायरन वाजायचे. बाबा दवाखान्यात, आई नि मी धंतोलीत घरात कोंडलेले. याच अल्बममधल्या ‘इझन्ट शी लव्हली’ गाण्याच्या शेवटी स्टीव्हीच्या लेकीचा, आयेशाचा, आंघोळीतला छपछपाट ऐकू येतो. आईचा इंग्रजी गाण्यांशी काडीचा संबंध नाही. “लेकरू न्हातंय का रे?” म्हणाली, आणि कूलर बंद करून तेवढाच तुकडा पुन्हा लावायला लावला.

मूळ डबल अल्बम (म्हणजे दोन रेकॉर्डचा) आणि सोबतची चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड मिळून 21 गाणी आहेत. ‘ब्लॅक मॅन’ जरा लांबलंय, माझ्या मते. पहिल्या खेपेला वगळलंत तरी चालेल.