कोबीला गड्डाच धरत नाही, जात चुकली का माझी?

गच्चीबाग_पुणे:
नमस्कार मंडळी, मागच्या जानेवारीच्या शेवटी नर्सरीतून ड्रमहेड कोबीची सहा रोपं आणली, मोठा गड्डा येतो म्हणून सांगितलं होतं, शेणखत बिणखत घालून १२ इंची कुंड्यांत लावली. पानं सुपाएवढी झाली पण एप्रिल आला तरी मध्ये गड्डाच नाही, आणि जी पानं होती त्यांची अळीने चाळण केली. खूप वाईट वाटलं हो, रोज सकाळी उठून बघायचे मी. यंदा लेकीला लाल कोबी पण हवाय. कोणती जात घेऊ, आणि कधी लावू?

नाशिकची_माती:
ताई, तुमचं खतपाणी चुकलं नाही, वेळ चुकली. ड्रमहेड उशिराची जात, तिला थंडी लांबलचक लागते, गड्डा भरायला साधारण १५ ते २० डिग्री हवेत आणि तुमची रोपं भरायच्या वेळेला पुण्यात ऊन तापलेलं. गोल्डन एकर घ्या. रोप लावल्यापासून ६०-६५ दिवसांत किलो-सव्वा किलोचा घट्ट गोल गड्डा, घरच्यासाठी तेवढाच बरा पडतो. सप्टेंबरअखेर बी टाका, चार-पाच आठवड्यांनी रोपं कुंडीत, एका कुंडीत एकच, हे मात्र नक्की पाळा. प्राइड ऑफ इंडिया पण चांगली, थोडी उशिरा येते.

परसबाग_सातारा:
अळीचं मी सांगते. पान उलटून बघा, बारीक हिरवी अळी असते, बोट लावलं की वळवळते आणि धागा सोडून खाली लोंबते, ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. कोबी लावायच्या १५ दिवस आधी शेजारच्या टबात फोडणीचीच मोहरी पेरा, पतंग तिकडे जास्त जातो, शेतकरी पण कोबीच्या कडेने मोहरी लावतात. पण मोहरीवरच्या अळ्या वेचायच्या किंवा तिथे निंबोळी अर्क मारायचा, नाहीतर आपणच त्यांना पोसल्यासारखं होतं.

कोकणी_वाफा:
लाल कोबी लावाच, फक्त गोल्डन एकरपेक्षा जास्त दिवस घेतो, धीर धरा. आणि पाणी रोज सारखं द्या, चार दिवस कोरडं ठेवून एकदम बादलीभर ओतलं की तयार गड्डा तडकतो, माझे दोन असेच गेले. भाजी करताना आमसूल टाका, रंग लाल राहतो, आंबट नसलं की निळसर पडतो. अजून एक, गड्डा कापल्यावर खोड उपटू नका, खालची पानं ठेवा, बाजूने लिंबाएवढे छोटे गड्डे फुटतात, कोवळे असतात, आमटीत मस्त लागतात.

गच्चीबाग_पुणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. खोड तर मी लगेच उपटून टाकायचे! गोल्डन एकर चार कुंड्या, लाल दोन, आणि जुन्या टबात मोहरी, बी या रविवारीच आणते. नाशिकचे दादा, लाल कोबीचं बी पण त्याच वेळी टाकू की आधी?

नाशिकची_माती:
त्याच वेळी टाका, उशीर तेवढा नको, त्याला थंडीचे दिवस जास्त मिळायला हवेत.