मदत हवी आहे: घरच्या कटिंग मशीनवर उठावाची कार्डं

नमस्कार मंडळी, मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. पुतणीच्या डोहाळजेवणाच्या आमंत्रणपत्रिका घरीच करायच्या आहेत. वर हळदीचं पान हवं, छापलेलं नको, बोटाला लागेल असं उठलेलं.

माझ्या कागद कापायच्या मशीनला ब्लेड, पेन आणि घडीची रेघ पाडणारं टोक एवढंच बसतं. क्रिकट मेकर या दुसऱ्या कटिंग मशीनला डिबॉसिंगचं वेगळं टोक मिळतं, पण त्याने कागद आत दबतो. उठाव हवा तर नक्षी उलटी करून मागच्या बाजूने दाबावी लागते. शिवाय तेवढ्यासाठी नवं मशीन घ्यायला घरातून परवानगी मिळणं कठीण!

म्हणून ३०० जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कार्डातून पान कापून दोन थर चिकटवले, त्यावर पत्रिकेचा कागद ठेवला आणि गोल टोकाच्या सळईने कडेकडेने घासलं. पानाची बाहेरची कड सुरेख उठते. शिरा मात्र उठतच नाहीत, आणि जोर दिला की देठापाशी कागद फाटतो. हातकागद जरा ओलसर केला तर बरं दबतं, पण वाळताना कार्ड वाकतं.

साच्याची जाडी किती ठेवावी? शिरांमधलं अंतर कमीत कमी किती? कागद २०० चा घेऊ की २५० चा? आणि सांगली-मिरजेत साचा नि कागद एकत्र दाबणारं, हाताने फिरवायचं रोलर मशीन कुणी भाड्याने देतं का? तयार एम्बॉसिंग फोल्डर (कागद आत ठेवून दाबायचे नक्षीचे प्लास्टिक साचे) सुचवू नका, त्यांत गुलाब नि फुलपाखरंच असतात.