यूपीएस लिनक्सला दिसतो, पण रीस्टार्टनंतर चालत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळच्या आमच्या गावात पावसाळ्यात तारांवर माडाचं चुडत पडलं की वीज गेलीच. म्हणून मुलांच्या डेस्कटॉपला (डेबियन १२ लिनक्स, गनोम डेस्कटॉप) यूपीएस लावलाय. वीज गेल्यावर मशीन आपोआप नीट बंद व्हावं एवढंच हवं आहे. डिस्कवरची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम सहसा सावरते, पण सेव्ह न केलेलं काम जातं ते जातंच.

यूपीएस साधा, स्वस्तातला. एलएसयूएसबीत (जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) त्याचा आयडी ०६६५:५१६१ दिसतो, म्हणून यूपीएसवर लक्ष ठेवणारं नट (नेटवर्क यूपीएस टूल्स) टाकून त्यातला नटडीआरव्ही_क्यूएक्स ड्रायव्हर निवडला. रूट (सर्व अधिकार असलेला यूजर) म्हणून चालवला तर व्होल्टेज व्यवस्थित दाखवतो (संध्याकाळी ते किती खाली जातं हेही त्यामुळेच कळलं!). पण मशीन रीस्टार्ट केलं की परवानगी नसल्याची तक्रार करून ड्रायव्हर बंद. यूडेव्हच्या (कोणतं उपकरण कोणाला वापरता येईल हे ठरवणारी लिनक्सची यंत्रणा) नियमांत हा आयडी आहे, नियम रीलोड केले, केबल काढून पुन्हा लावली. फरक शून्य. ‘रूटनेच चालव’ असा सल्ला मिळाला, तो मला पटत नाही.

दुसरं, बॅटरी किती टक्के उरली हे हा यूपीएस सांगत नाही. मग वीज गेल्यावर ३ मिनिटांनी शटडाऊन करायला नटमधलं टायमर लावणारं यूपीएसशेड पुरेल का? मध्येच वीज आली तर टायमर रद्द व्हायला हवा. कुणाकडे चालू असलेली कॉन्फिग फाइल असेल तर कृपया टाका. लॉग हवा असल्यास रात्री देतो.

देव बरें करूं.